मासा ‘असाच’ मरत नाही

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. घरात खाऱ्या पाण्याचा टँक ठेवणाऱ्यांशी, त्यांना मासे विकणाऱ्यांशी, आणि मासा मेल्यावर सांत्वनाला येणाऱ्या समस्त नातेवाइकांशी. विषय फुटकळ वाटेल. पेट्रोल, ईएमआय, अप्रेझल असे ज्वलंत प्रश्न सोडून हा माणूस माशांवर काय लिहितोय, असंही वाटेल. पण शेवटपर्यंत वाचा. मुद्दा माशांपेक्षा मोठा आहे.

खाऱ्या पाण्याचा टँक ठेवणाऱ्या कुणालाही विचारा, ‘तो पिवळा टँग कुठे गेला रे?’ उत्तर ठरलेलं असतं. “काय माहीत यार. काल रात्रीपर्यंत मस्त होता, सकाळी बघतो तर गेलेला. असाच.”

असाच! हा शब्द ऐकला की माझं डोकं सणकतं.

या ‘असाच’वर तीन लोक तीन उत्तरं घेऊन तयार असतात. पहिला दुकानदार. तो फोनवरच सांगतो, “पाणी बिघडलं असणार साहेब, बॅक्टेरियल आहे, ही निळी बाटली टाका.” दुसरी आत्या किंवा मावशी. ती म्हणते, “वाईट वाटून घेऊ नकोस रे, घरावरचं संकट त्यानं अंगावर घेतलं. लगेच नवीन आणून सोड, जागा रिकामी ठेवू नये.” तिसरे आपण स्वतः. आपण म्हणतो, समुद्रातले मासे मुळात नाजूकच, घरात टिकत नाहीत. तिन्ही उत्तरांचा शेवट एकाच ठिकाणी होतो: शनिवारी संध्याकाळी दुकानात. आणि तिघांपैकी एकानंही तो मासा हातात घेऊन नीट पाहिलेला नसतो.

आता हे बोलणारे लोक कोण, तर बहुतेक तुमच्या-माझ्यासारखेच. दिवसा हिंजवडीत बसून प्रॉडक्शन सपोर्ट करणारे. क्लायंटची साइट दहा मिनिटं बंद पडली तर रात्री दोन वाजता आठ लोकांचा ब्रिज कॉल लागतो, लॉग उपसले जातात, ‘काल कोणी काय डिप्लॉय केलं’ यावर झटापट होते आणि सकाळी आरसीएचं डॉक्युमेंट जातं. त्यातल्या रूट कॉजच्या रकान्यात ‘असंच झालं’ लिहून बघा एकदा. किंवा ‘सर्व्हरनं कंपनीवरचं संकट अंगावर घेतलं’ असं लिहा. मॅनेजर काय म्हणेल ते मला कळवा.

म्हणजे शोध घ्यायचा कसा हे आपल्याला येतं. पगारच त्याचा मिळतो. मग घरी आल्यावर, समोर जिवंत प्राणी मरत असताना, ती बुद्धी चपलांबरोबर दाराबाहेर का राहते?

“अरे, दोन-तीन हजारांचा मासा, एवढं काय?” असं कुणी म्हणेल. म्हणून आधी तो मासा येतो कुठून ते बघू. गप्पी, एंजल, गोल्डफिश हे गोड्या पाण्यातले मासे बहुतेक फार्मवर पैदा केलेले असतात. खाऱ्या पाण्याच्या बहुतेक जाती मात्र अजूनही समुद्रातूनच पकडून आणतात. प्रवाळाच्या कपारीत लपलेला मासा जाळ्यात सहज येत नाही. मग काही ठिकाणी बाटलीतून सोडियम सायनाइडचं द्रावण त्या कपारीत फवारतात. मासा गुंगतो, हातानं उचलता येतो. फिलिपिन्समध्ये १९६० च्या दशकात हा प्रकार सुरू झाला आणि पुढे इंडोनेशियातही पसरला. फिलिपिन्सच्या १९९८ च्या मत्स्य कायद्यात विष वापरून मासेमारी करायला बंदी आहे, तरी तो पूर्ण थांबलेला नाही. त्या फवाऱ्यानं प्रवाळही मरतं. आणि गुंगवून पकडलेला मासा वरवर ठणठणीत दिसून काही दिवसांनी मरू शकतो. आपण त्याला म्हणतो, असाच मेला.

गंमत बघा, क्लाउनफिशला दुकानात ‘निमो’ म्हणूनच मागतात. २००३ च्या त्या सिनेमात निमोला समुद्रातून उचलून एका दाताच्या डॉक्टरच्या टँकमध्ये टाकतात आणि बिचारा बाप त्याला शोधत अख्खा समुद्र पालथा घालतो. सिनेमा पाहून आपण शिकलो काय, तर माशाचं नाव.

तर प्रत्येक ‘असाच मेला’च्या मागे एक ‘नवीन आणला’ असतो. कारण न शोधता नवीन आणणं म्हणजे क्रॅश झालेला प्रोग्रॅम नुसता रीस्टार्ट करत राहणं. फरक एवढाच की प्रत्येक रीस्टार्टला एक जीव लागतो. यातून कमावतं कोण, हे वेगळं सांगायला नको.

आता ‘कारण शोधणं शक्यच नाही’ या सबबीकडे वळू. ही सबब खोटी आहे. घरच्या टँकमधल्या बहुतेक मृत्यूंचा संशयित चार प्रश्नांत बराच जवळ येतो, आणि चारही प्रश्न फुकट आहेत.

प्रश्न पहिला: किती वेळात मेले? सगळे एका रात्रीत गेले असतील तर रोगावर संशय घेऊ नका, आधी ऑक्सिजन, विष किंवा तापमान तपासा. समुद्राच्या पाण्यात मुळातच प्राणवायू कमी विरघळतो. २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास, तर खाऱ्या पाण्यात पावणेसातच. पाणी तापलं की तोही घटतो. मे महिन्यात दुपारी वीज गेली, पंप थांबला, की टँकमधल्या माशांचा श्वास कोंडायला वेळ लागत नाही. अशा वेळी मोठे मासे आधी जातात, छोटे वाचतात. याउलट दोन-तीन दिवसांआड एकेक मासा जात असेल तर संसर्गाकडे बघा. आणि फक्त काल आणलेलाच मेला असेल तर प्रवास आणि पाण्यातला बदल पहिले संशयित. अनेक दुकानांत मीठ वाचावं आणि परजीवी दबून राहावेत म्हणून खारटपणा मुद्दाम कमी ठेवतात. तिथे १.०१७ वर राहिलेला मासा तुमच्या १.०२५ च्या पाण्यात तासाभरात सोडला तर त्याच्या शरीराला ते पेलत नाही. कमी खारट पाण्यात जाणं माशाला सोसतं, उलट दिशेचा प्रवास सावकाश करावा लागतो.

प्रश्न दुसरा: मेलं कोण आणि वाचलं कोण? या एका प्रश्नात निम्मं निदान असतं. श्रिंप आणि गोगलगायी मेल्या पण मासे ठीक आहेत? तांब्यावर संशय घ्या. पाइपमधून आलं असेल नाहीतर कुठल्या तरी औषधातून. मासे पटापट गेले पण श्रिंप आरामात फिरतायत? मग माशांनाच धरणारा परजीवी. फक्त मँडरिन मासा वाळून वाळून मेला? तो बहुधा उपाशी मेला. तो दिवसभर खडकांवरचे बारीक कोपेपॉड टिपत जगतो आणि दाण्यांकडे सहसा ढुंकूनही बघत नाही. नव्या, छोट्या टँकमध्ये त्याला पोटभर कोपेपॉड मिळतच नाहीत. ‘सगळं खातो साहेब’ असं सांगून तो विकला जातो, ही गोष्ट वेगळी.

प्रश्न तिसरा: मरण्याआधी काय बदललं? नवा मासा, नवा खडक, पाणी बदल, नवं मीठ, घराला रंग, किंवा डासांची फवारणी. ऑफिसात आपण पहिलं विचारतो, “लेटेस्ट चेंज काय?” इथेही तेच विचारायचं.

प्रश्न चौथा: मेलेला मासा पाहिलात का? फ्लश करण्याआधी? कल्ल्यांचा रंग, अंगावर धूळ किंवा चट्टे, पोट खपाटीला गेलंय का, शेपूट फाटलेली आहे का. लगेच बघायला हवं, कारण खाऱ्या कोमट पाण्यात मासा काही तासांत सडतो आणि परजीवीही मेलेल्या यजमानाला सोडून जातात. कुणा जाणकाराला दाखवायचा असेल तर पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको. बर्फाच्या कणांनी पेशी फाटतात आणि पुरावा जातो. (आईला विचारून ठेवा. घरी दुसरा मृत्यू नको.)

एक उदाहरण देतो. बाणेरच्या एका मित्राचे सहाच्या सहा मासे आणि दोन श्रिंप एका रात्रीत गेले. दुकानदारानं फोनवर बॅक्टेरियल ठरवून बाटली काढून ठेवली होती. मित्राच्या आत्यानं संकट टळल्याचा पेढाही खाल्ला होता. मी गेलो आणि चार प्रश्न विचारले. एका रात्रीत सगळे, म्हणजे संसर्ग बाजूला. तापमान २६, खारटपणा जागेवर, पंप चालू. वीज गेली होती का? त्याला आठवेना, पण मायक्रोवेव्हचं घड्याळ बरोबर वेळ दाखवत होतं. वीज गेली असती तर ते शून्यावर लुकलुकत बसलं असतं. वाचलं कोण? गोगलगायी, आणि त्या निवांत काच चाटत होत्या. तांबं असतं तर आधी त्याच गेल्या असत्या. मग बदललं काय? आदल्या दुपारी घरात पेस्ट कंट्रोल झालं होतं. खिडक्या बंद, एसी चालू, आणि टँकचा हवेचा पंप त्याच खोलीतली हवा रात्रभर पाण्यात सोडत होता.

झुरळा-डासांच्या बऱ्याच औषधांत पायरेथ्रॉइड नावाची रसायनं असतात. माणसाला त्यांचा त्रास कमी, पण मासे आणि श्रिंप यांना ती अगदी थोड्या प्रमाणातही मारतात. गोगलगायी त्यामानानं तग धरतात. चित्र तंतोतंत जुळत होतं. पाण्यातलं पायरेथ्रॉइड घरच्या किटवर मोजता येत नाही, त्यामुळे हा कोर्टात टिकणारा पुरावा नव्हे, हे मान्य. पण पुढच्या वेळी काय करायचं ते त्यातून ठरलं: फवारणीआधी हवेचा पंप बंद करून टँक प्लास्टिकनं झाकायचा, आतला प्रवाह चालू ठेवायचा, फिल्टरमध्ये अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन घालायचा आणि नंतर खिडक्या सताड उघड्या ठेवायच्या. त्यानंतर दोनदा पेस्ट कंट्रोल झालं, एकही मासा गेला नाही. ती बाटली त्यानं घेतली असती तर काय झालं असतं? काहीच नाही. पुढच्या फवारणीला नवे सहा मासे मेले असते आणि आत्यानं आणखी एक पेढा खाल्ला असता.

आता त्या बाटलीबद्दल. तिचा सगळा व्यवसाय एका भ्रमावर चालतो. माशावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले, बाटली टाकली, चार दिवसांत ठिपके गेले. झालं, बाटलीचा विजय! प्रत्यक्षात तो परजीवी, क्रिप्टोकॅरिऑन, माशावर साधारण तीन ते सात दिवसच राहतो. मग पोट भरलं की स्वतःच गळून पडतो, वाळूत किंवा खडकावर कवच करून बसतो आणि आत त्याची शेकडो पिल्लं तयार होतात. ठिपके बाटलीविनाही जाणारच होते. पिल्लं बाहेर पडली की दुप्पट-चौपट ठिपके येतात. तेव्हा दुकानदार म्हणतो, “साहेब, डोस कमी पडला.” पावसासाठी बेडकाचं लग्न लावण्यातला आणि यातला फरक मला कुणी समजावून सांगा.

त्याचा भाऊ अमिलूडिनियम, हौशी लोकांच्या भाषेत व्हेल्व्हेट, तर याहून वाईट. तो आधी कल्ल्यांवर बसतो. अंगावर काही दिसण्याआधीच माशाला धाप लागते, तो उजेड टाळतो, प्रवाहात तोंड धरून उभा राहतो आणि दोन दिवसांत संपतो. ‘काल रात्रीपर्यंत मस्त होता’ यातले बरेच मासे मस्त नव्हतेच. ते धापा टाकत होते आणि आपण मॅच बघत होतो. या दोन्हींवर तांब्याचा उपचार लागू पडतो, पण तो वेगळ्या टँकमध्ये, मात्रा मोजून, काही आठवडे करावा लागतो. मुख्य टँकमध्ये तांबं टाकलं तर श्रिंप मरतात आणि खडक-वाळू तांबं शोषून बसतात. शिवाय मुख्य टँक अडीच महिने माशांविना ठेवावा लागतो, म्हणजे वाळूत दबा धरून बसलेली प्रजा यजमानाअभावी मरते. ही सगळी माहिती बाटलीवर छापली तर बाटली कोण घेईल?

आणखी एक वाक्य मला सहन होत नाही: “पाणी चेक केलं, ओके आहे.” ओके म्हणजे किती? आकडा सांगा! अमोनियाचंच घ्या. पीएच ७ चं ८ झालं की त्याच अमोनियातला विषारी भाग जवळपास दहापट होतो. खाऱ्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास असतो, म्हणजे गोड्या पाण्यात खपून जाणारा आकडा इथे जीव घेतो. प्रवासाच्या पिशवीतही तोच खेळ. पिशवी बंद असताना कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच खाली राहतो आणि साठलेला अमोनिया बऱ्यापैकी निरुपद्रवी असतो. पिशवी उघडली की तो वायू उडतो, पीएच चढतो आणि तेच पाणी विषारी व्हायला लागतं. लांबून आलेल्या माशाला त्याच पाण्यात दोन तास थेंब-थेंब पाणी घालत ‘सवय’ लावणारे प्रेमळ लोक त्याला नेमके तेव्हा मारत असतात. म्हणून दुकानाचा खारटपणा आधी विचारून घ्यायचा, वेगळ्या टँकचं पाणी तेवढंच करून मासा लगेच त्यात सोडायचा, आणि खारटपणा मग काही दिवसांत चढवायचा. पण त्यासाठी आकडे लागतात. ‘ओके’ हा आकडा नाही.

आता मला ठरलेली उत्तरं येतील. “अरे, छंद आहे, नोकरी नाही. एवढं कोण करणार?” बरोबर आहे, छंदच आहे. पण तिकिटं जमवणं हाही छंद आहे आणि तिकिटं गुदमरत नाहीत. एक वही, खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर, तारीख न उलटलेली किट आणि नव्या माशाला महिनाभर वेगळं ठेवायला एक साधा टँक, एवढं जमत नसेल तर गोड्या पाण्यात गप्पी ठेवा. त्यात कमीपणा काहीच नाही. टँकवरच्या निळ्या एलईडीवर एवढा खर्च करणारा माणूस वेगळ्या टँकसाठी जागा नाही म्हणतो, तेव्हा मला त्या जागेबद्दल शंका येते.

“दुकानदारांवर का घसरतोस?” सगळ्यांवर नाही घसरत. मासा खातोय का ते दाखवणारे, खारटपणा किती ठेवलाय ते विचारल्यावर खरं सांगणारे, ‘हा तुमच्या टँकमध्ये जगणार नाही’ म्हणून गिऱ्हाईक परत पाठवणारे दुकानदारही आहेत. पण त्यांना आपणच महागडे म्हणून टाळतो. आपण कारण विचारत नाही, म्हणून बाटलीवाल्याचं फावतं. क्लाउनफिश हॅचरीत पैदा करण्याचं तंत्र आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं विकसित केलंय, ऐरोलीतही ते मासे वाढवण्याचं काम झालंय. हा मासा समुद्रातला की हॅचरीतला, एवढा प्रश्न तरी विचारतो का आपण?

“तरी काही मृत्यूंचं कारण सापडत नाहीच ना?” हो, सापडत नाही. सगळं तपासून वहीत ‘कारण सापडलं नाही’ असं लिहिलंत तर मी तुमच्यापुढे हात जोडीन. कारण त्या ओळीच्या वर तारीख असेल, तापमान असेल, कोण मेलं कोण वाचलं ते असेल, आणि सहा महिन्यांनी दुसरा मासा त्याच पद्धतीनं गेला तर दोन नोंदी शेजारी ठेवता येतील. ‘असाच’ला शेजारी ठेवायला काहीच नसतं.

आणि आत्यांना, मावशांना एक नम्र विनंती. घरावरचं संकट माशानं घेतलं, हे तुम्ही प्रेमानं म्हणता, कळतं. पण हिशोब उलटा आहे. मासा प्रवाळाच्या कपारीत सुखात होता. त्याच्यावरचं संकट म्हणजे आपलं घर. निदान तो कशानं मेला एवढं शोधून काढणं आपण त्याचं देणं लागतो.

तोवर नवीन आणू नका. जागा रिकामी राहिली तरी चालेल.